शस्त्रे थांबल्यानंतरचे दोन प्रश्न : हैदराबाद आणि गाझा

शस्त्रे थांबली म्हणजे शांतता प्रस्थापित झाली, असे नव्हे. कारभार कोणी करावा आणि सामान्य माणसाचे रक्षण कोणी करावे, हे दोन प्रश्न त्यानंतरच खऱ्या अर्थाने उभे राहतात. हैदराबाद संस्थानाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. पुढे मुलकी कारभार एम. के. वेल्लोडी यांच्याकडे आला आणि 1952 च्या निवडणुकीनंतर लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. पहिला प्रश्न असा साडेतीन वर्षांत सुटला. दुसऱ्याचे तसे झाले नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचली. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

गाझात 10 ऑक्टोबर 2025 रोजी युद्धविराम लागू झाला. 17 नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 2803 संमत करून ‘शांतता मंडळ’ व आंतरराष्ट्रीय स्थैर्य दल यांना 31 डिसेंबर 2027 पर्यंत मान्यता दिली. हैदराबादच्या प्रजेला नागरिकत्व व मताधिकार मिळाला. गाझावासीयांसाठी मात्र या ठरावात निवडणुकीची तारीख नाही आणि स्वतंत्र राष्ट्राचा उल्लेखही सशर्तच आहे.

म्हणून कोणत्याही योजनेची कसोटी दुहेरी असावी : मतदान केव्हा, आणि दुर्बळांच्या रक्षणाचा जाहीर हिशेब कोण देणार?