डहाणू आगारातून तलासरीकडे

डहाणू आगारातून तलासरीची गाडी सुटते आहे. नोव्हेंबर २०२५ सरत आलाय, २ डिसेंबरला नगरपरिषदेचं मतदान. गाडीतल्या बहुतेकांचं त्यात मत नाही. पाड्यांवरची माणसं ती. पण बाजारात जे कानावर पडलं, ते घेऊन घरी निघालीत.

आशागडच्या पुढे मागच्या बाकावरचा पोरगा फोनचा आवाज वाढवतो. क्लिप इथले पुढारी काशिनाथ चौधरींवर आहे. गडचिंचले हत्याकांडावरून भाजपनं २०२० मध्ये ज्यांच्यावर आरोप केले, त्यांचाच याच महिन्यात भाजपप्रवेश झाला आणि ओरड होताच तो स्थगितही झाला. पोलिसांनी बोलावलं म्हणून जमावाला शांत करायला गेलो होतो, असं चौधरी सांगत आलेत.

"खरं काय समजायचं?" पोरगा विचारतो.

शेजारी आशाताई बसलीय, मांडीवर रजिस्टर. "दे इकडं." क्लिपच्या वर एकाला एक चिकटलेले दोन बाण आहेत. त्यावर ती बोट टेकवते. "हे बघ. कितीतरी हातांतून आलंय. पहिला हात कुणाचा, ते विचार."

असे संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील, ही मर्यादा व्हॉट्सॲपनं घातली ७ एप्रिल २०२० ला. १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचलेत दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला जमावानं ठार मारलं. पोरं पळवणारी, किडन्या काढणारी टोळी फिरतेय, हे तोवर पाड्यापाड्यात पोचलेलं होतं. टाळेबंदीत एसटी बंद, बाजार बंद. खातरजमा करायची कुणाकडे? मग शहरांतून दुसरी अफवा आली, मारणारे मुसलमान होते म्हणून. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुखांना अटकेतल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. त्यात एकही मुसलमान नव्हता. आदिवासींच्या अडाणीपणावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. शिकल्यासवरल्यांनी पसरवलेल्या त्या दुसऱ्या अफवेचा जाब कुणी विचारला नाही. मला राग येतो तो याचा.

चारोटीला गर्दी चढते. एक म्हातारे बाबा आशाताईच्या बाजूला टेकतात आणि बोलणं ऐकून आपलं सुरू करतात. १९४५ ची गोष्ट, बापाकडून ऐकलेली. वारल्यांच्या पुढारी गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, असं जमीनदारांनी पसरवलं. लोक तलवाड्याला धावले. पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड त्यात गेला. "तवा फोन कुठं होता?" बाबा म्हणतात.

"तुम्ही बोलू नका बाबा," आशाताई हसते. "कोरोनाच्या लशीच्या वेळी कुणीतरी सांगितलं माणूस मरतो, तर रानात जाऊन बसलात."

"मग घेतली का नाही?"

"घेतली. पण कधी?"

"तू आधी टोचून घेतलीस, मग."

गाडीत हशा पिकतो. प्रचाराच्या एका पत्रकालाही न मिळालेला विश्वास या बाईनं एका दंडावर मिळवलाय.

पोरगा अजून क्लिपपाशीच. "कासाला माझा मामा आहे. त्याला माहीत असंल."

"मग लाव त्याला."

तो लावतो. महालक्ष्मीच्या पुढे रेंज जाते.

"घरी जाऊन लावतो."

"लाव. तोवर पुढं पाठवू नको."

"दोन ग्रुपवर टाकली पण."

"मग तिथंच लिही, विचारून सांगतो म्हणून," ताई म्हणते आणि रजिस्टर उघडते.