चलच्चित्र-पाठांचे संपादन आणि हार्ड डिस्कची मांडणी

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमतच्या बाजूस, उन्हाळ्याच्या तोंडाशी हळदीची काढणी होऊन ती शिजविली जाते. परिसर अभ्यासाच्या पाठासाठी या कामाचे चित्रण करावयाचे म्हटले, तर संधी वर्षातून एकदाच येते. काढणी, शिजविणे, वाळविणे, पॉलिश करणे असे निरनिराळे भाग मोबाईलवर टिपून शिक्षक ते शाळेच्या संगणकात उतरवितो व संपादनास बसतो. तेथे दोन अडचणी उभ्या राहतात. चित्र अडखळत पुढे सरकते, ही पहिली. एखादे दिवशी डिस्क बिघडून सारेच नाहीसे होते, ही दुसरी. पहिलीमुळे काम लांबते. दुसरी घडली तर पुढील हंगामाची वाट पाहावी लागते.

दोहोंच्या मुळाशी पुष्कळदा एकच गैरसमज असतो. संगणकावर 'सी' आणि 'डी' अशी दोन नावे दिसतात, म्हणून आत दोन डिस्का आहेत असे वाटते. वस्तुतः बहुतेक संगणकांत डिस्क एकच असते व ही नावे तिच्या दोन विभागांची असतात. एकाच छपराखालील या दोन खोल्या होत. छप्पर कोसळले म्हणजे एक खोली वाचली असे होत नाही. 'सी'वरील चित्रण 'डी'वर उतरवून ठेवणे म्हणजे दुसरी प्रत करणे नव्हे.

वेगाचेही तसेच आहे. साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि एक सूक्ष्म शीर्ष त्यांवरील मजकूर वाचते. त्या शीर्षाला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यास सुमारे १० मिलीसेकंद लागतात. हा काळ क्षुल्लक वाटतो खरा. परंतु संपादन करताना संगणक एकाच वेळी मूळ चित्रण वाचतो, तात्पुरत्या फाइली लिहितो आणि स्वतःची प्रणालीही चालवितो. ही तिन्ही कामे एकाच डिस्कवर असली की शीर्षाची सारखी धावपळ होते व पडद्यावरचे चित्र थबकते. विभाग कितीही पाडले तरी शीर्षांचा संच एकच राहतो. म्हणून प्रणाली व संपादनाची आज्ञावली एका डिस्कवर आणि चित्रण दुसऱ्या, खरोखर वेगळ्या डिस्कवर ठेवावे. एसएसडी या प्रकारात फिरणारा भाग नसल्यामुळे ही धावपळ टळते; संगणकात ती असल्यास प्रणाली व तात्पुरत्या फाइली तीवरच असाव्यात. मात्र एसएसडीही बिघडते, आणि कित्येकदा पूर्वसूचनेवाचून बिघडते.

बाहेरून जोडावयाची डिस्क यूएसबी ३ च्या खाचेत लावावी. ही खाच बहुधा आतून निळी असते. जुन्या यूएसबी २ च्या खाचेतून सेकंदास ३०-४० एमबीपेक्षा अधिक क्वचितच जाते, आणि दोष मात्र डिस्कच्या माथी येतो. '४ जीबीहून मोठी फाइल उतरत नाही' ही तक्रारही अशीच. तेथे डिस्क 'फॅट ३२' पद्धतीने आखलेली असते. आतील सर्व काही अन्यत्र ठेवून ती 'एक्सफॅट' पद्धतीने पुन्हा आखावी.

आता शाळेत एकच संगणक व एकच बाहेरची डिस्क असेल, तर ती वेगासाठी वापरावी की प्रतीसाठी? निःसंशय प्रतीसाठी. अडखळणाऱ्या चित्रावर दुसरा उपाय आहे. शॉटकटसारख्या विनामूल्य आज्ञावलीत 'प्रॉक्सी' म्हणजे हलकी कामचलाऊ प्रत करून संपादन करता येते. गेलेल्या चित्रणावर असा उपाय नाही. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता; त्यातील पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे आज उपलब्ध आहेत.

जाणकारांचा संकेत असा की, तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. शाळेत पाणी शिरले किंवा चोरी झाली तर कपाटातील डिस्क संगणकाबरोबरच जाते, म्हणून एक प्रत केंद्रशाळेत ठेवणे बरे. पेनड्राइव्ह ने-आण करण्यापुरताच समजावा. मोबाईलवरील मूळ चित्रण निदान दोन प्रती होईपर्यंत पुसू नये. प्रतीतील फाइलींची संख्या व एकूण आकार मुळाशी ताडून पाहावा आणि दोन-तीन फाइली चालवूनही पाहाव्यात.

येथे एक चूक फार आढळते. संपादनाची 'प्रोजेक्ट' फाइल अगदी लहान असते, कारण तीत चित्रण नसते. कोणता तुकडा कोठे ठेवला आहे, याची केवळ नोंद असते. ती एकटीच पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडली की 'फाइल सापडत नाही' असा संदेश येतो. यासाठी प्रत्येक पाठाचा एकच फोल्डर करावा. चित्रण, ध्वनी, चित्रे, प्रोजेक्ट व तयार पाठ हे सर्व त्यात ठेवावे आणि प्रत काढताना अख्खा फोल्डर उचलावा. काम सुरू झाल्यावर आतील फाइलींची नावे बदलू नयेत. फोल्डरच्या नावात वर्ष, इयत्ता, विषय व पाठ असावा; 'नवीन', 'नवीन २', 'शेवटचा' या नावांवरून पुढल्या वर्षी बदलून आलेल्या शिक्षकास काहीच उमगत नाही.

वीज केव्हाही जाते. लेखन चालू असताना ती गेली तर फाइल अर्धवट राहते, क्वचित डिस्कची अनुक्रमणिकाच बिघडते. संगणकास यूपीएस नसेल तर प्रत काढण्याचे काम बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर करावे, आणि डिस्क ओढून न काढता आधी 'सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा द्यावी.