मोकळे कुत्रे, झाडी आणि नदी

कुत्र्यास फिरावयास न्यावे ही गोष्ट आपल्या नाशकात नवी नाही. पहाटे गंगापूर रस्त्यावर साखळीमागे ओढले जाणारे धनी पुष्कळ दिसतात. कोण कोणास फिरवीत आहे, हे मात्र चटकन उमगत नाही. परंतु कुत्र्याने मोकळेपणी झाडीत धावावे आणि नदीत पोहावे, एवढ्याचसाठी राखलेली जागा मी प्रथम पाहिली ती मुलाकडे अमेरिकेस गेलो तेव्हा.

सिअ‍ॅटल शहराजवळ रेडमंड म्हणून गाव आहे. मायक्रोसॉफ्टचे मुख्य ठाणे तेथेच असल्याने आसपास मराठी बिऱ्हाडे बरीच. तेथल्या मेरीमूर उद्यानात सुमारे ४० एकर जागा कुत्र्यांना दिलेली आहे. मोठे कुरण, झाडीतल्या पायवाटा आणि कडेने समामिश नदी. तिची ओढ मंद. काठावरच्या उतारांवरून कुत्री खुशाल पाण्यात उतरतात. नियम थोडे: साखळी हाती असावी, विष्ठा धन्याने उचलावी आणि कुत्रे हाकेत असावे.

हा ‘हाकेत’ शब्द ऐकून मी खजील झालो. त्याचे कारण नाशकातलेच आहे.

आमच्या मोतीला मी एकदा सोमेश्वराच्या वरच्या अंगास मोकळे सोडले. बगळ्यामागे तो गोदावरीत शिरला. मी हाका मारल्या, तो आला, आणि आल्याबरोबर मी त्यास दोन छड्या लगावल्या. आठ दिवसांनी तोच प्रकार. या खेपेस पाणी चढत होते. मी ओरडत राहिलो. तो उथळ खडकावर उभा राहून माझ्या हातातील छडीकडे पाहत होता. शेवटी धुणे धुणाऱ्या एका बाईने नुसते ‘यू यू’ केले, तेव्हा तो बाहेर आला. तीस वर्षे शिक्षकी करून हाकेचा आणि माराचा संबंध मीच त्याच्या मनात जोडला होता!

मेरीमूरला रीत निराळी. कुत्रे हाकेला आले की त्यास घास देतात व पुन्हा सोडतात. त्यामुळे परत येणे म्हणजे खेळ संपणे, अशी त्याची समजूत होत नाही. घरी निघतानाच तेवढी हाक मारली, तर ते शहाणे होऊन लांबूनच पाहत राहील.

कुत्रे उपजतच पोहते, हे अर्धेच खरे. पाय सगळीच मारतात. लॅब्राडोरच्या बोटांमध्ये पातळ पडदा असतो, अंगावरचे केस तेलकट असतात, तो तरतो. बुलडॉगचे डोके जड आणि पाय आखूड. तो बुडावयास वेळ लागत नाही. नवख्यास लांब दोरी बांधून गुडघाभर पाण्यापासून आरंभ करावा. पोहून आल्यावर कान कोरडे करावेत, नाहीतर ते चिघळतात. साचलेल्या पाण्यात उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. त्याची लस असते. ती पशुवैद्याकडून टोचून घ्यावी.

आपल्याकडे कुंपणाची नदी नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले, की दुतोंड्या मारुती बुडू लागतो. त्या दिवसांत कुत्र्यास काठावरही नेऊ नये. तिन्हीसांजेस मळ्यांच्या व उसाच्या बाजूस तर मुळीच मोकळे सोडू नये. बिबट्याला कुत्रे फार आवडते.

मोतीला मी आता सकाळी नेतो, दोरीला बांधूनच. खिशात भाकरीचे तुकडे असतात. पहिले काही दिवस तो हाकेला यायचा, पण चार हातांवर थांबून आधी माझा उजवा हात पाहून घ्यायचा.