जुन्या स्पोर्ट्स कारची सीट खालून दुरुस्त करावी

मुंबईहून कोकणातलं नाटे गाठायचं म्हणजे चारशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालवणं आलं. शेवटच्या टप्प्यात पावस, पूर्णगड, आडिवरे असा किनाऱ्याचा रस्ता धरला, तर जांभ्याचे सडे आणि खाडीकडे उतरणारी वळणं संपता संपत नाहीत. जुन्या दोन माणसांच्या स्पोर्ट्स कारने जावं असाच हा रस्ता. पण आडिवऱ्यालाच कंबर धरली, तर पुढची वळणं शिक्षा वाटू लागतात. मग बहुतेक मालक सीटवर मऊ उशी टाकतात किंवा कव्हरखाली फोमचा आणखी एक थर भरून घेतात. हा उपाय चुकीच्या टोकाने सुरू होतो. दुरुस्ती सांगाड्यापासून वर यायला हवी, कारण कंबर दुखते ती आधार गेल्यामुळे.

स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात कण्यातल्या चकतीत सुई घालून तिच्यावरचा दाब मोजला. टेकू न घेता बसल्यावर तो उभं असतानाच्या दाबापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी जास्त भरला. पुढच्या मोजमापांत ही तफावत बरीच कमी दिसली. मात्र पाठ मागे रेलली आणि कमरेच्या खोलगट भागाला टेकू मिळाला, की दाब उतरतो, हे नंतरच्या प्रयोगांतही दिसलं. आता जुनी सीट पाहा. एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांत तळाशी रबरी पट्टे ताणलेले असत. काही दशकांत रबर सैल पडतं, बैठक मागच्या बाजूला खचते, ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि कमरेचा बाक सपाट होतो. त्यावर कितीही मऊ थर चढवला तरी माणूस त्याच खड्ड्यात बसणार. शिवाय उभ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला 4 ते 8 वेळांचे हादरे शरीराला सर्वांत जास्त जाणवतात, आणि फार मऊ गादी नेमके त्याच्या आसपासचे हादरे वाढवू शकते.

म्हणून आधी पट्टे किंवा स्प्रिंगा बदलाव्यात, मग फोम. फोम घेताना दुकानात डेन्सिटी विचारतात, पण ती टिकाऊपणा सांगते. कडकपणा वेगळा विचारावा लागतो. बैठकीला कडक फोम, त्यावर पातळ मऊ थर, मांड्यांखालची पुढची कड किंचित उंच आणि कमरपट्ट्याच्या रेषेवर जेमतेम फुगवटा, एवढं पुरतं. फुगवटा जास्त झाला तर तोच टोचतो. वळणांवर शरीर धरून ठेवायला कडांचे उंचवटे भरीव हवेत, नाहीतर चालक स्टिअरिंगलाच लटकतो आणि खांदे भरून येतात.

गाडीचं मूळपण बिघडतं, हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे. जुनं चामडं आणि जुनी शिलाई पुन्हा मिळत नाही. पण आतला फोम बदलताना कव्हर तेच ठेवता येतं आणि काढलेले भाग जपून ठेवता येतात. खुद्द जॅग्वारने 1961 च्या ई-टाइपच्या बकेट सीटांवर तक्रारी आल्यावर 1964 च्या 4.2 लिटर गाडीत त्या बदलल्या. मूळ आराखडाच सदोष असेल, तर तो जपण्यासाठी कंबर झिजवण्यात मला अर्थ दिसत नाही. आणि वरून टाकलेल्या उशीने मूळपण राखलं जातं हेही खरं नाही. तिने डोकं छताला लागतं, नजरेची उंची आणि पेडलपर्यंतचं अंतर बदलतं, अचानक ब्रेक लागला तर ती सरकते.

फोमऐवजी काथ्याचा मोह कोकणात होणं साहजिक आहे. फोक्सवॅगन बीटलच्या सीटांत नारळाच्या काथ्याचे थर असत, आणि रबर फवारलेला काथ्या हवा खेळती ठेवतो. त्याने बैठकीला घाम कमी येतो, ही जमेची बाजू मोठी. पण नाट्यासारख्या बंदराच्या गावी पावसाळाभर तो ओल धरून ठेवतो आणि खालचा लोखंडी सांगाडा खाऱ्या हवेत लवकर गंजतो. तिथे ठेवायच्या गाडीला फोमच बरा. सांगाडा उघडा पडलेलाच असतो, तेव्हा त्याच वेळी गंज खरवडून प्रायमर लावून घ्यावा, आणि पट्टे अडकवायचे आकडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.