आधी थांबली पाहिजे

एस्टिमेटच्या कागदावर सगळ्या ओळी एकाच उंचीच्या असतात. मागचे व्हील सिलिंडर, त्याखाली सायलेन्सर, त्याखाली डाव्या दाराच्या काचेचं हँडल, मग क्लच सेट, मग एसीचा गॅस. माझ्या 2006 सालच्या वॅगन आरचा असा कागद एका मोठ्या वर्कशॉपनं हातात दिला. तळाशी बेरीज होती 43 हजार. त्यातलं एकही काम खोटं नव्हतं. पण गाडीसाठी मी बाजूला काढलेले पैसे होते 15 हजार, आणि त्यात कुठली ओळ आधी धरायची हे त्या कागदानं सांगितलं नव्हतं.

म्हणून तो कागद घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे गेले. मारुती 800 चं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं, पण त्यांच्या दारात अजूनही एखादी उभी असतेच. जुन्या गाड्या आणि तंग खिसे हे त्यांचं रोजचं काम आहे. त्यांनी कागद वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि विचारलं, "ताई, गाडी कुठं कुठं जाते? आत कोण कोण असतं?"

मी सांगितलं : मुलांची शाळा, आईचा दवाखाना, आणि अधूनमधून गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीला. घाटाचं नाव निघाल्यावर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. शहरात सपाटीवर फिरणाऱ्या गाडीचा आणि घाट उतरणाऱ्या गाडीचा दुरुस्तीचा क्रम एक नसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं.

गाडी त्यांनी रात्रीच लावून जायला सांगितली, कारण सकाळी इंजिन गार पाहिजे. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी अंगावर येतं. गार असताना मात्र पाण्याची पातळीही दिसते आणि रंगही. माझ्या रेडिएटरमधून हिरव्या कुलंटऐवजी गंजाळलेलं तांबूस पाणी निघालं. मग ऑइल भरायचं झाकण उलटं करून त्यांनी आतली बाजू बोटानं पुसली. तिथं दुधाळ साय जमलेली असेल तर पाणी ऑइलमध्ये शिरत असल्याचा संशय घ्यायचा. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या वाफेनंही अशी साय धरते, म्हणून एवढ्या एका खुणेवर ते निकाल देत नाहीत. आमचं झाकण स्वच्छ होतं. "हेड वाचलंय," एवढंच म्हणाले, आणि रेडिएटरचा खालचा होज पाइप दाबून दाखवला. क्लिपजवळ रबर फुगून मऊ झालं होतं.

हा पाइप फुटला तर गाडी जागेवर थांबत नाही, आणि खरा धोका त्यातच आहे. पाणी निघून जातं, काटा लालकडे सरकतो आणि आपण "एवढा चढ संपू दे" म्हणत पुढे जातो. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं. मग हेड उतरवा, घासायला पाठवा, नवं गॅस्केट घाला. काही शे रुपयांचा पाइप वेळेवर न बदलल्याचं बिल असं हजारांत येतं, आणि कधीकधी ते गाडीच्या किमतीच्या आसपासही जातं.

त्यानंतर जॅक लागला, खाली घोड्या सरकल्या. पुढचं चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवायचं, मग आडवं धरून हलवायचं. आडवं हलताना ढिलं लागलं तर पहिला संशय टाय रॉडच्या एंडवर. वर-खाली ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. उजव्या चाकाला वर-खाली हलवताना बारीकसा "टक" आला. मदतीच्या मुलानं पहार घालून आर्म दाबला, तेव्हा जॉइंटमध्ये उघडझाप होताना मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली. हा जॉइंट निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला दुमडतं आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपली राहत नाही.

मागचा ड्रम उघडल्यावर तर मी गप्पच झाले. व्हील सिलिंडरचं रबर बाजूला केलं तर आत ओल. ब्रेक ऑइल झिरपत लायनरच्या कडेपर्यंत पोचलं होतं. गंमत म्हणून सांगत नाही, मी रोज ही गाडी चालवते आणि पेडल मला पूर्णपणे ठीक वाटत होतं. ना आवाज होता, ना वास. वर टाकीतलं ऑइल चहासारखं काळपट दिसत होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. आत पाणी साठलं की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असतो, ब्रेक तापतात, आतलं पाणी उकळून वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल थेट तळाला जातं आणि गाडी पुढे जात राहते. हे घरापासून बाजारापर्यंत कधीच घडणार नाही. घडेल ते तिसऱ्या-चौथ्या वळणावर, माणसं भरलेली असताना.

"चालली नाही तर घरी बसाल, ताई. थांबली नाही तर काय?" मिस्त्री म्हणाले. त्यांचा सगळा क्रम या वाक्यावर उभा आहे.

मी मात्र गाडी आणली होती ती आवाजासाठी. सायलेन्सरला मागे भोक पडलं होतं, आणि खड्ड्यातून जाताना पुढून खडखड यायची. गल्लीत शिरलं की शेजारी बघायचे. खडखड होती स्टॅबिलायझर बारच्या संपलेल्या बुशांची. या दोन्ही गोष्टींना त्यांनी यादीत सगळ्यात खाली टाकलं. सायलेन्सरबद्दल एक अट घातली : भोक मागच्या टोकाला आहे म्हणून थांबता येईल. तेच पुढे इंजिनजवळ असतं तर धूर केबिनमध्ये शिरण्याचा धोका, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तेव्हा एकच सुटा भाग कुठे खराब झाला आहे त्यावर आजचा की नंतरचा हे ठरतं.

बाकावर बसून त्यांचं काम बघताना मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. ते प्रत्येक भागाला मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतात. हे आज केलं नाही तर काय होईल? आणि ते व्हायच्या आधी गाडी सांगेल का? क्लच सांगतो. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही, तेव्हा प्लेट घसरायला लागली असं समजायचं. माझा क्लच वर उचलत होता, पण घसरत नव्हता. बॅटरीही बहुतेक वेळा सांगते, सकाळी स्टार्टर सुस्त होतो. बेअरिंग घुमतं. शॉकअप ओले होतात, गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते. ही सांगून जाणारी मंडळी. यांना पैसे जमेपर्यंत थोपवता येतं. ब्रेक ऑइल, पेट्रोलचा पाइप, म्हातारा टायर, बॉल जॉइंट हे सांगतीलच असं नाही, आणि सांगितलं तरी गाडीत बसून ते ऐकू येत नाही. हातात पैसा कमी असेल तर तो आधी या मुक्या जागांवर गेला पाहिजे. आपण नेमकं उलट करतो, कारण आवाजाची लाज वाटते आणि ओलसर व्हील सिलिंडर कुणाला दिसत नाही.

पेट्रोलचा पाइप त्यांनी न विचारताच बदलला. 2025 पासून देशभर पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग त्याला धरून केलेले आहेत, माझ्या गाडीचे रबरी पाइप त्याच्या कितीतरी आधीचे. वाकवल्यावर त्यावर बारीक चिरा दिसल्या. गरम इंजिनशेजारी पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. एक्सलचा फाटलेला बूटही त्याच दिवशी बदलला. तो फाटला म्हणून लगेच जिवाला धोका नसतो, पण आतलं ग्रीस उडून जातं, धूळ-पाणी शिरतं आणि जॉइंट झिजतो. वळताना "कटकट" यायला लागली की बुटावर भागत नाही, एक्सल घ्यावा लागतो. थोड्या पैशांत मोठा खर्च अडवणारी कामं जुन्या गाडीत शोधून काढावी लागतात, आणि मिस्त्रींची खरी कमाई मला इथं दिसते.

टायर पुढचे दोन गोटा झाले होते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की 1.6 मिलिमीटर उरलं असा अर्थ. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, ते फारच थोडे लोक वाचतात. माझ्या टायरवर 1417 होतं, म्हणजे 2017 सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायरचे पैसे नव्हते, म्हणून दोनच घेतले. इथं माझा आणि मिस्त्रींचा मतभेद झाला. ते म्हणाले नवे पुढे घाला, ओढणारी चाकं ती आहेत. टायर कंपन्यांचा सल्ला मात्र नवे मागे घाला असा असतो : ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते, मागची सुटली तर ती गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. कोकणातला पाऊस डोळ्यांसमोर ठेवून मी नवे मागे आणि मागचे बरे पुढे घ्यायला लावले. त्यांनी ऐकलं.

पण टायरच्या आधी लोअर आर्म, हा हट्ट त्यांचा, आणि तो शंभर टक्के बरोबर. जॉइंट आणि बुश ढिले ठेवून नवे टायर घातले की ते आतल्या कडेनं खाल्ले जातात. आर्म, मग टायर, मग अलाइनमेंट. कामं कुठली करायची याइतकाच ती एकामागून एक कशी लावायची हाही पैशाचा प्रश्न आहे. क्लचबाबत त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय : जेव्हा गिअरबॉक्स उतरेल तेव्हा क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदलायचं, कारण सील स्वस्त आणि तिथपर्यंत पोचायची मजुरी महाग.

सेकंडहँड सामानाबद्दल त्यांचं मत ठाम आहे. दाराचं हँडल, आरसा, मागचा दिवा, काच, हे खुशाल जुन्या बाजारातून आणा, मुंबईला कुणी जाणार असेल तर कुर्ल्याहून मागवा. ब्रेक, टायर, बेल्ट आणि रबर मात्र नवंच, आणि तेही खात्रीच्या दुकानातून पक्क्या बिलासह. निम्म्या किमतीतले डुप्लिकेट लायनर खरे तर दुप्पट महाग पडतात, असं मी स्वतः त्यांच्या दुकानात झिजलेले ढीग पाहून म्हणते.

मागचे दोन्ही व्हील सिलिंडर, लायनर, ब्रेक ऑइल, दोन लोअर आर्म, होज पाइप, कुलंट, पेट्रोलचा पाइप, एक्सल बूट, दोन टायर आणि अलाइनमेंट असं सगळं मिळून 15 हजारांच्या आत बसलं. एसी, सायलेन्सर, स्टॅबिलायझर बारचे बुश, रंग आणि ते हँडल राहिलं. डाव्या दाराची काच अजून हातानं दाबून खाली करावी लागते.

जुन्या गाडीवाल्यांनी आणखी एक रक्कम धरून चालावं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल 2022 पासून पाच हजार झालं, आणि 20 वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट 2025 मध्ये ते दहा हजारांवर गेलं. तेव्हा क्लच की रंग असा विचार करताना आरटीओची तारीख आधी बघा. आणि रॅम्पवर घेतल्यावर चॅसीचा पत्रा बोटानं दाबून आत जात असेल, तर त्या गाडीवर पुढे पैसे घालू नका.

नवी गाडी घेणं जमत नाही म्हणून जुनी चालवणारी कितीतरी घरं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांना गाडीची हौस नसते, गरज असते. त्यांच्यासाठी एवढंच सांगणं : पुढच्या वेळी गॅरेजला जाल तेव्हा आवाजाची तक्रार सांगून झाल्यावर मागचा एक ड्रम आपल्यासमोर उघडायला लावा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा, टायरवरचे चार आकडे वाचा. उत्तर मिळालं नाही तर घाटात उतरू नका.