‘एका मैत्रिणीची गोष्ट’

“सर, माझ्या एका मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं,” असे म्हणत काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एक मुलगी आमच्यापाशी आली. बारावी झालेली, हुशार, १४ एप्रिलच्या कार्यक्रमात धीटपणे भाषण करणारी. मैत्रिणीचे एका मुलावर प्रेम आहे. मुलगा तसा चांगला आहे, पण रागात हात उचलतो, मोबाईल हिसकावून बघतो आणि सोडून जाते म्हटले की फोटो सगळ्यांना पाठवीन म्हणतो. तर मैत्रिणीने काय करावे? आम्ही चळवळीत केस पिकवलेली माणसे. उत्तर आमच्या तोंडात तयारच होते. “तिला म्हणावं, हे नाद सोड. बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला तो कशासाठी?” मुलीने मान डोलावली, वही उचलली आणि गेली. पुढच्या आठवड्यापासून ती अभ्यासिकेत दिसली नाही. मैत्रीण कोणी नव्हतीच, हे आमच्या डोक्यात शिरायला सहा महिने लागले. तोवर घरच्यांनी तिचा मोबाईल काढून घेतला होता, कॉलेज बंद केले होते आणि स्थळही पाहिले होते.

मार खाणाऱ्या तरुण मुली मदत मागत नाहीत, असे आपण नेहमी म्हणतो. आमचे म्हणणे असे की त्या मागतात. पण आपल्याला ते मागणे ऐकू येत नाही. तरुण मुलगी थेट पोलीस ठाण्यात जात नाही. ती आधी चाचपून बघते. मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगते, सिनेमातल्या प्रसंगावर आपले मत विचारते, दंडावरचा काळा-निळा डाग दिसला तर जिन्यावरून पडले म्हणते आणि समोरच्याचा चेहरा वाचते. समोरच्याच्या कपाळाला आठी पडली की ती गोष्ट तिथेच संपवते. पहिल्यांदा ती सांगते आपल्याच वयाच्या मैत्रिणीला. ती मैत्रीणही एकोणीस वर्षांची! तिला ना कायदा माहीत, ना तिच्या हाती पैसा. तिने सल्ला तरी काय द्यावा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे बघा. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाहीच, पण कोणाजवळ शब्दही काढला नाही. हे सर्व स्त्रियांचे आकडे आहेत आणि त्यांत विवाहितांचाच भरणा. लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचा मार सांगितला तर निदान “संसार आहे, होतं असं” म्हणून तरी ऐकले जाते. बिनलग्नाच्या पोरीने सांगितले तर आधी तिचाच गुन्हा सिद्ध होतो, प्रेम केल्याचा! जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितले की जोडीदार असलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी जवळपास दर चौथीने जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा भोगलेली असते. आपल्या वस्त्या जगाबाहेर नाहीत.

वसईच्या तरुणीचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेलच. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते उघडकीस आले तेव्हा वाहिन्यांनी आठवडेच्या आठवडे त्यातल्या क्रौर्याचा बाजार मांडला. आम्हाला त्यातला एकच कागद महत्त्वाचा वाटतो. २३ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे खुनाच्या दीड वर्ष आधी, तिने नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलिसांकडे लेखी अर्ज दिला होता. सहा महिने मारहाण चालू आहे, आज जीव घेण्याचा प्रयत्न झाला, तुकडे करून फेकून देईन अशी धमकी आहे आणि पोलिसांत यायचे धाडस आजवर झाले नाही, असे त्यात लिहिले होते. याहून स्पष्ट मदत कोणी कशी मागावी? त्या वेळी तिच्या पाठीशी होते ते कामावरचे सोबती. या संबंधांमुळे वडिलांशी दुरावा आला होता. पुढच्याच महिन्यात, आता भांडण नाही असे लिहून देऊन तिने अर्ज मागे घेतला आणि कागदावर प्रकरण मिटले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. तिचा फोन कित्येक दिवस बंद आहे, हे घरच्यांना कळवणाराही एक मित्रच होता.

अर्ज मागे घेतला म्हणजे मार थांबला, असे मानणारी ही व्यवस्था आहे. वास्तविक अशी मुलगी एका झटक्यात सुटत नाही. चार वेळा निघते, पाच वेळा परत जाते. मधल्या प्रत्येक वेळी जो कोणी “मग परत गेलीसच कशाला?” असे विचारतो, तो परतीचे एकेक दार बंद करतो.

आता सरकारने त्या प्रकरणातून काय धडा घेतला तेही पाहा. १३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाहांवर एक समन्वय समिती नेमली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द वगळला. मारहाण करणारा पुरुष राहिला बाजूला, लक्ष गेले ते मुलगी कोणाशी लग्न करते यावर! १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, आणि ती लावण्यासाठी स्त्रीला जखडावे लागते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या त्या जखडण्याच्या रीती. पोरीचा मोबाईल काढून घेऊन एकोणिसाव्या वर्षी तिला उजवून टाकणारा आपला बौद्ध बाप त्याच रांगेत उभा आहे, हे बोलायला जड जाते, पण बोलले पाहिजे.

काही मंडळींना राग येईल, तरी पुढचेही लिहितो. मारणारा मुलगा आपल्यातला, त्यातून कार्यकर्ता असेल, तर आपण बैठक बसवतो आणि “समाजाची बदनामी नको” म्हणून मिटवतो. मुलगा सवर्ण असेल तर दोनच प्रतिक्रिया. घरातले म्हणतात, “गेलीस ना बाहेर, आता भोग.” बाहेरचे पुढारी म्हणतात, मोर्चा काढू. मोर्चाला आमचा विरोध नाही. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यासाठी पोलिसांवर दबाव आणावाच लागतो, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. पण फ्लेक्स छापण्याआधी त्या मुलीला विचारले का? तिला कदाचित आज फक्त फोटो थांबवायचे असतील, परीक्षा द्यायची असेल, रात्री झोपायला सुरक्षित जागा हवी असेल. एकीकडे तिला गप्प बसवले जाते, दुसरीकडे तिच्या नावाने घोषणा होतात. तिचे ऐकणारा दोन्हीकडे कोणी नाही.

कायद्याचे म्हणाल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो. पण एका घरात राहिलेले असावे लागते. वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये या संबंधांच्या अटी आणखी घट्ट केल्या. कॉलेजात भेटणारी, वेगवेगळ्या घरी राहणारी जोडी त्यात बसत नाही. तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेतील मारहाणीची, धमकीची आणि पाठलागाची (७८) कलमे आहेत, फोटोंसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवू शकत नाही. वकिलाचा खर्च नको: १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे उत्पन्न कितीही असो, स्त्रीला मोफत वकील मिळतो.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर गुंता वाढतो. लैंगिक गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणे पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. हेतू चांगला, परंतु सतरा वर्षांची मुलगी त्यामुळेच शिक्षिकेला किंवा डॉक्टरला सांगायला घाबरते. घरी कळणार, पोलीस येणार. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीचे नाव डॉक्टरांनी पोलिसांना उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. किती दवाखान्यांत हे ठाऊक आहे? म्हणून अशी मुलगी बोलू लागली की ऐकणाऱ्याने आपल्यावर काय बंधन आहे ते तिला आधीच सांगावे. मागून कळले तर ती पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नाही.

चांगली कामे झालेली नाहीत असे नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत पोलिसांच्या आवारातच महिलांसाठी विशेष कक्ष उघडला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. तिथले तत्त्व साधे आहे. बाई केसपेपर काढायला आली आहे, तिला दवाखान्यात यायला घरच्यांची परवानगी मिळते, मग विचारपूस तिथेच करा. आपल्या मुलींना परवानगी कुठे जायची मिळते? अभ्यासिकेत, विहारात, महिला मंडळात, वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला. म्हणजे जागा आपल्याकडेही आहे.

आणि वारसा तर आहेच. १८६८ साली नायगावहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची अस्पृश्य मुलगी यांची हकिकत आहे. मुलगी सहा महिन्यांची गरोदर, गाव दोघांना मारायला निघालेले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घालून जमाव पांगवला आणि दोघांना जोतीरावांकडे पाठवून दिले. आधी जीव वाचवला, डोक्यावर छप्पर दिले. त्याआधी १८६३ मध्ये पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हाही विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, हेच जाहीर केले होते. दीडशे वर्षांनंतर आम्ही मात्र मुलीला अठरा तासांच्या अभ्यासाचे दाखले देत बसलो!

आमच्या अभ्यासिकेत दोन बदल झाले आहेत. दर रविवारी दुपारी महिला मंडळाच्या दोन ताई तिथे बसतात. त्यांतील एक निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी स्वतःवर तीन नियम घालून घेतले आहेत. मुलीने सांगितलेले तिच्या घरी सांगायचे नाही, त्या मुलाला परस्पर जाब विचारायला जायचे नाही आणि ती परत त्याच्याकडे गेली तरी तिला दार उघडे ठेवायचे. जिवाला धोका दिसला किंवा मुलगी अठराच्या आतली असली, तर काय करावे लागेल ते तिच्याशी बोलूनच करायचे. दुसरे म्हणजे एक फलक तयार झाला आहे: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२, जिल्ह्याच्या सखी केंद्राचा पत्ता आणि तालुका विधी सेवा समितीची वेळ. तो विहाराच्या दर्शनी भिंतीवर लावायचा की आत स्वच्छतागृहाजवळ, यावर समितीत वाद आहे. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, पाहुणे येतात, काय म्हणतील. ताईंचे म्हणणे, दर्शनी जागी तो वाचायला मुलगी थांबणार नाही, लोक बघतील; आतच लावा, पण लावा. एका बापाने तर फलकच नको असे लेखी दिले आहे. निर्णय येत्या बैठकीत होईल. बैठक रविवारी सकाळी दहा वाजता आहे. मुलींनी आणि त्यांच्या आयांनी अवश्य यावे.