पंख जुळला, पुढे काय?

संक्रांत एका दिवसात उरकते, मांजा मात्र मागे राहतो. सुती दोरा पावसात कुजतो. नायलॉनचा कुजत नाही. पतंग फाटतो, काड्या गळतात आणि कडुलिंबाच्या शेंड्यावर किंवा विजेच्या तारांत दिसेल न दिसेल असा दोरा महिनोन्‌महिने ताणलेला राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांत, गच्च्यागच्च्यांवर पतंगांची चुरस रंगते ती दिवस कलताना, आणि नेमक्या त्याच वेळी बगळ्यांचे थवे मुक्कामाच्या झाडांकडे निघालेले असतात. घारी तर दिवसभर पतंगाच्याच उंचीवर घिरट्या घालतात. रात्री पाळी घुबडांची आणि वटवाघळांची. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठाने मांजाच्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. तरी तो कुठे मिळतो, हे गल्लीतल्या पोराला विचारलं तर कळतं.

जखमी पक्ष्याबद्दल आपल्याकडे एक गोड समज आहे. कुणी दयाळू माणूस त्याला घरी आणतो, हळद लावतो, दाणापाणी करतो आणि चार दिवसांनी पक्षी भुर्रकन उडून जातो. हे काम करणाऱ्यांना विचाराल तर ते सांगतील, जखम भरणं हा त्यातला सोपा भाग. बरा झालेला पक्षी आणि सोडण्याजोगा पक्षी यांत फार मोठं अंतर आहे.

पंख उघडून पाहिला तर खांद्यापासून मनगटापर्यंत, पुढच्या कडेला, कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला दिसतो. त्याच्या काठातून एक बारीक कंडरा जाते. उडताना पंखाची हीच कड सर्वांत आधी दोऱ्याला भिडते. पक्षी सुटायला धडपडतो आणि जितका धडपडतो तितका मांजा आत रुततो. फाटलेली कातडी शिवता येते. कंडरा तुटली असेल तर मात्र पंख पुन्हा पूर्ण ताणला जाईलच, असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

हाडांची गोष्ट आणखी वेगळी. पक्ष्याच्या शरीरातल्या हवेच्या पिशव्या थेट पंखातल्या दंडाच्या हाडापर्यंत पोचलेल्या असतात. ते हाड मोडून उघडं पडलं असेल आणि एखाद्याने माणसाची जखम धुवावी तसं त्यावर सलाईन ओतलं, तर पाणी श्वसनमार्गात शिरून पक्षी टेबलावरच गुदमरू शकतो. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटलही नसतं. छातीचं हाड हलवूनच तो श्वास घेतो. म्हणजे सुटू नये म्हणून त्याला छातीशी घट्ट आवळून धरणारा भला माणूस त्याचा श्वासच बंद करत असतो.

हाडं मात्र झपाट्याने जुळतात, बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत. हे वरदान तसंच संकटही, कारण वाकडं बसलेलं हाडही तितक्याच झपाट्याने वाकडंच जुळतं. पंखातल्या कोपरापुढच्या दोन हाडांपैकी एक शाबूत असेल तर ते दुसऱ्याला कामटीसारखा आधार देतं आणि आठाच्या आकड्यासारखी बांधलेली पट्टी पुरते. दंडाचं हाड मोडलं तर आत सळई घालावी लागते. मोड सांध्याला लागून असेल तर आशा कमीच. पट्टी जास्त दिवस राहिली की तो पुढचा पडदा आखडतो, म्हणून मधूनमधून भूल देऊन पंख हलक्या हाताने उघडमीट करावा लागतो. घार जेमतेम सातशे-आठशे ग्रॅमची. म्हशीला आणि शेळीला टोचणाऱ्या हाताला भुलीचं हे माप वेगळं शिकावं लागतं.

महाराष्ट्रात हे काम नेटाने चालतं अशा दोन जागा सांगता येतील. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. पुण्यात नेहा पंचमिया यांनी २००७ साली सुरू केलेली रेस्क्यू ही संस्था बावधनला वनविभागाबरोबर तसंच केंद्र चालवते. दिल्लीच्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांचं नाव तर ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या २०२२च्या माहितीपटामुळे जगभर गेलं. चांदणी चौकातला जैन समाजाचा पक्षी दवाखाना मांसाहारी पक्ष्यांना दाखल करून घेत नसे, म्हणून या भावांनी घारी घरी आणायला सुरुवात केली. धर्मादाय दयेलाही पथ्यपाणी असतं, ते असं.

टाके निघाल्यावर पक्षी पिंजऱ्यात जातो आणि खरी कारागिरी तिथे सुरू होते. साधी जाळी चालत नाही. पिसं अडकून तुटतात. उभ्या गुळगुळीत पट्ट्या लागतात, बाजू झाकलेल्या लागतात, म्हणजे माणूस दिसत नाही. बसायच्या दांड्या सगळ्या एका जाडीच्या असतील तर तळव्याच्या त्याच जागेवर भार पडून पायाला फोड येतो, तो चिघळतो आणि पंख बरा झालेला शिकारी पक्षी पायाने निकामी होतो. घुबडाला नुसतं मऊ मांस देऊन भागत नाही, केसाहाडांसकट भक्ष्य लागतं. पिल्लांना हाडाविना वाढवलं तर त्यांचीच हाडं वाकतात.

पिसं तुटली असतील तर? पिसं वर्षातून एकदा झडून नवी येतात, पण तोवर पक्ष्याला कोंडून ठेवायचं का? यावर बाजदारांनी शेकडो वर्षांपूर्वी उपाय काढला. झडलेलं चांगलं पीस घ्यायचं, तुटक्या पिसाच्या पोकळ देठात बारीक काडी बसवायची आणि नवं पीस तीवर चिकटवायचं. तेराव्या शतकात पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक दुसरा याने बाजदारीवरच्या आपल्या ग्रंथात ही रीत लिहून ठेवली आहे. शिकारीसाठी जन्मलेली विद्या आता दवाखान्यात कामाला येते.

मग परीक्षा. शिकारी पक्ष्याच्या पायाला लांब, हलकी दोरी बांधून त्याला मोकळ्या मैदानात उडवतात. किती उंच जातो, वळताना एका बाजूला झुकतो का, उतरल्यावर चोच उघडी टाकून धापा टाकतो का, हे पाहतात. पिंजऱ्यात चार हात उडणारा पक्षी इथे पहिल्या वळणावर उघडा पडतो. या शहराला आणखी एका ऑपरेशन टेबलापेक्षा, पक्ष्याला वळून परत येता येईल अशा लांबलचक पिंजऱ्याची जास्त गरज आहे, असं माझं मत आहे.

आणि काही वेळा उत्तर ‘नाही’ असं येतं. गव्हाणी घुबडाचे दोन कान एका पातळीवर नसतात. आवाज कुठून आला हे ते या फरकावरून काळोखात हेरतं. त्याचा एक डोळा गेला तरी ते कदाचित निभावेल, कान गेला तर उपाशी मरेल. झेप घेऊन शिकार करणाऱ्या ससाण्याचं याच्या उलट. माणसाच्या हातून वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं समजू लागतं, हे कॉनराड लोरेन्झने हंसांवर दाखवून दिलं. असं पिल्लू धडधाकट असूनही रानात टिकत नाही. म्हणून जाणकार पिल्लाशी बोलत नाहीत, त्याला नाव ठेवत नाहीत, त्याच जातीच्या पिल्लांसोबत वाढवतात. जो उडूच शकणार नाही आणि वेदनेतून सुटणार नाही, त्याला शांतपणे मरण देणं हाही या कामाचा भाग आहे. फोटोत तो दिसत नाही.

मराठवाड्याची दुखणी मांजाने संपत नाहीत. एप्रिल-मेमध्ये उष्म्याने निर्जलित झालेले पक्षी खाली पडतात. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेलं बियाणं खाऊन मोर मरतात. विषबाधा काही ठरावीक कीटकनाशकांची असेल आणि वेळेत कळली तर ॲट्रोपिन या औषधाने जीव वाचू शकतो. बीड जिल्ह्यात नायगावला खास मोरांसाठी अभयारण्य असलेल्या या मुलखात मोरांनी असं मरावं! जानेवारी २०२१मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्यांना आणि २०२५च्या सुरुवातीला उदगीरला कावळ्यांना बर्ड फ्लूने गाठलं. तेव्हापासून तरी हातमोजे आणि मुखपट्टी न घालता पक्षी उचलण्याचं शौर्य कुणी दाखवू नये.

नाथसागराचं गणित वेळेचं आहे. १९८६ साली अभयारण्य झालेल्या या जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणे उतरतात. त्यातला एखादा पट्टकदंब हंस जायबंदी झाला आणि उन्हाळ्याआधी थवा परत निघेपर्यंत तयार झाला नाही, तर त्याला पुढचा हिवाळा येईपर्यंत सांभाळावं लागतं.

एवढा खटाटोप एका घारीसाठी का? प्रश्न रास्त आहे. घारी भरपूर आहेत. संवर्धनाच्या हिशोबात एक वाचल्याने फरक पडत नाही. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या आणि गुरांच्या डायक्लोफेनॅक या औषधाने जवळजवळ संपवलेल्या गिधाडांचं तसं नाही. तिथे प्रत्येक पक्षी मोजावा लागतो. शहरातल्या सरोवराला ज्यांचं नाव आहे ते सलीम अली १९३०च्या दशकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात पक्ष्यांची पाहणी करत फिरले, तेव्हा पक्षी अभ्यासायचा तो बंदुकीने टिपून, अशीच रीत होती; एका पक्ष्याच्या जिवाचा हिशोब तेव्हा वेगळा होता. माझ्यापुरतं उत्तर साधं आहे: दोरा आपण सोडला, तर तो काढायचंही आपणच.

वाचकांनी करायचं ते थोडंच आहे. पक्ष्यावर आधी जाड कापड टाका. डोळे झाकले की तो शांत होतो. घारीच्या चोचीपेक्षा पंजे सांभाळा, बगळ्याच्या बाबतीत स्वतःचे डोळे; तो थेट डोळ्यावर चोच मारतो. छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. रुतलेला मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. चोचीत पाणी ओतू नका, दूध-पाव मुळीच नको. पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर फडफडत असेल तर बहुधा ते उडायला शिकत असतं. त्याला जवळच्या फांदीवर ठेवा, हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ फिरवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे असा पक्षी सरकारी मालमत्ता आहे आणि ४८ तासांत पोलिसांना किंवा वनविभागाला कळवणं बंधनकारक आहे. आणि खोक्यावर पक्षी कुठे सापडला ते लिहा: गल्ली, झाड, तारीख, वेळ. बरा झाल्यावर त्याला शक्यतो तिथेच सोडायचं असतं.